उशिराचे कारण लेखी मिळावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात रेल्वेगाड्यांच्या उशिराविषयी वर्षभर पत्रे येत असतात, पावसाळ्यात आणि सणासुदीला जरा जास्तच. मी ती आवडीने वाचतो. त्यांतील बहुतेक पत्रे एकाच वाक्यावर येऊन थांबतात: ‘संबंधितांनी याची दखल घ्यावी.’ दखल घेणे ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण ती घेतली की नाही हे कोणालाच दाखवून देता येत नाही. मी एका सहकारी बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली. ठेवीवरचे व्याज उशिरा जमा झाले तर तिथला खातेदार ‘दखल घ्यावी’ असे लिहीत नसे. किती दिवसांचे, किती टक्क्यांनी आणि किती रुपये, एवढेच लिहून तो अर्ज खिडकीत सरकवत असे आणि उत्तर मिळेपर्यंत बाकावर बसून राहत असे. रेल्वेचा प्रवासीही पैसे मोजूनच वेळ विकत घेतो. त्याने उशिराचा हिशेब याच पद्धतीने मागावा आणि तो मागता यावा यासाठी रेल्वेने एक छोटी गोष्ट करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आज नियमाने काय मिळते ते प्रथम सांगतो, कारण तेच पुष्कळांना ठाऊक नाही. तिकीट रद्द करणे आणि भाड्याचा परतावा यांसंबंधीच्या २०१५ च्या नियमांनुसार, प्रवासी ज्या स्थानकावरून चढणार त्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येत असेल आणि प्रवाशाने प्रवासच करायचा नाही असे ठरवले, तर त्याला भाड्याची पूर्ण रक्कम परत मिळते व रद्द करण्याचा आकार कापला जात नाही. तिकीट पक्के असो, आरएसी (म्हणजे तूर्त फक्त बसायची जागा देणारे) असो की प्रतीक्षायादीतले. पक्क्या तत्काळ तिकिटाचे पैसे एरवी बुडतात, पण या कारणाने तेही परत मिळू शकतात. अट अशी की खिडकीवर काढलेले तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी खिडकीवर जमा करावे लागते आणि मोबाइलवर काढलेल्या तिकिटासाठी गाडी सुटण्यापूर्वीच ऑनलाइन टीडीआर भरावा लागतो. टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. त्यात कारणांची एक यादी असते. त्यातील ‘गाडी तीन तासांहून अधिक उशिरा, प्रवास केला नाही’ या अर्थाचे कारण निवडायचे असते.

हा नियम मी झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन, आणि तरीही एकदा तो मीच चुकवला. भाच्याचे कुटुंब उत्तरेकडे निघाले होते. गाडी साडेतीन तास उशिरा सुटणार असे मोबाइलवर दिसत होते, सोबत सहा महिन्यांचे बाळ होते आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडणार होते, म्हणून त्यांनी जायचे रद्द केले. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, ‘पैसे कुठे पळून जात नाहीत, आधी जेवून घ्या, अर्ज मी संध्याकाळी भरतो.’ आमचे जेवण आणि वामकुक्षी होईपर्यंत गाडी पुणे स्थानकातून निघून गेली, आणि तिच्याबरोबर परताव्याचा हक्कही. चूक सर्वस्वी माझी होती. भाचा काही बोलला नाही. भाचेसून मात्र अजूनही आमच्याकडे जेवायला बसली की ‘मामा, अर्ज भरलात का?’ असे विचारते. तेव्हापासून शेजारपाजारच्यांचे असले अर्ज मी स्वतः बसून, घड्याळ समोर ठेवून भरून देतो. निवृत्त माणसाचा रिकामपणचा उद्योग म्हणा.

आणखी एक सोय अगदीच अंधारात राहिली आहे. एका गाडीने उतरून दुसरी गाडी पकडायची असेल, तर १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटांचे पीएनआर, म्हणजे तिकिटावरचे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या गाडीच्या न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न लावता परत मिळतात. मात्र प्रवाशांची नावे दोन्ही तिकिटांवर तंतोतंत सारखी हवीत आणि पहिली गाडी पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत मागणी करायला हवी. पुण्याहून मुंबई गाठून पुढे जाणाऱ्यांनी तरी तिकीट काढतानाच हे करून ठेवावे.

आता या नियमांतील खरी मेख पाहा. परतावा मिळतो तो गाडीत न बसणाऱ्याला. जो तीन तास फलाटावर ताटकळला आणि तरीही बसला, कारण मिरजेला रुग्णालयात दाखवायची वेळ ठरलेली होती किंवा मुंबईला मुलाखत होती, त्याला एक रुपयाही मिळत नाही. गाडी पुण्याहून वेळेवर निघाली आणि वाटेत रखडून पाच तास उशिरा पोहोचली, तर नियमाच्या लेखी काही घडलेलेच नसते. म्हणजे ज्याचे काम टळण्यासारखे होते तो सुटला आणि ज्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते तो भरडला गेला. तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणाऱ्या ऐच्छिक विम्याचाही इथे उपयोग नाही, कारण तो अपघाती मृत्यू, अपंगत्व व दुखापत यांसाठी आहे. उशिरा पोहोचलेल्या या दुसऱ्या प्रवाशाला दाद मागायची तर एकच दार उरते, ते ग्राहक आयोगाचे.

ते दार उघडे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, त्याला आता काही वर्षे झाली. ११ जून २०१६ रोजी अजमेर–जम्मू एक्स्प्रेसने एक कुटुंब जम्मूला निघाले होते. गाडी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी पोहोचायची होती, ती पोहोचली दुपारी बाराच्या सुमारास, आणि श्रीनगरचे विमान होते बाराचे. विमान गेले, टॅक्सी करून श्रीनगर गाठावे लागले, दल सरोवरातील नौकेचे आरक्षणही वाया गेले. त्या प्रवाशाने राजस्थानात अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाकडे (आजच्या भाषेत जिल्हा आयोगाकडे) तक्रार केली आणि मंचाने टॅक्सीपोटी १५ हजार, आरक्षणापोटी १० हजार, शिवाय मनस्ताप व दाव्याचा खर्च यांसाठी प्रत्येकी ५ हजार रुपये मंजूर केले. रेल्वे राज्य आयोगात गेली, राष्ट्रीय आयोगात गेली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली. गाडी उशिरा धावल्यास रेल्वे जबाबदार राहणार नाही असे आमच्या दरपुस्तिकेतच लिहिलेले आहे, हा तिचा मुख्य बचाव होता. न्या. एम. आर. शाह आणि न्या. अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी तो फेटाळला. उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला किंवा त्याला काही समर्थनीय कारण होते, हे रेल्वेने पुराव्यानिशी सिद्ध केले नाही तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालातील रकमेपेक्षा मला त्यातील पुराव्याचा भार महत्त्वाचा वाटतो. उशीर का झाला हे शोधून काढणे प्रवाशाचे काम नाही. त्याने गाडी उशिरा पोहोचली आणि त्यामुळे आपले अमुक इतके नुकसान झाले, एवढे दाखवायचे; कारण सांगायची आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची. मात्र त्या कुटुंबाला हे ऐकायला पाच वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. तीस-पस्तीस हजारांच्या रकमेसाठी सरकारी खर्चाने चार पायऱ्या चढणारी संस्था आपल्या कारभारातली काटकसर कशात मोजते, हा प्रश्न मी इथे फक्त नोंदवतो.

ग्राहक आयोगाची वाट स्वतःत अवघड नाही, आणि ती पुणेकरांना कोणी समजावून सांगावी असेही नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ याच शहरात सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा व्हायला बारा वर्षे अवकाश होता. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी भुसावळला रखडो की झाशीला, पुण्याचा रहिवासी पुण्यातच दाद मागू शकतो. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि तिकीट कोणाचेच पाच लाखांचे नसते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ऑनलाइन करता येते; त्यासाठी पूर्वी ई-दाखिल हे संकेतस्थळ होते, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आले आहे. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

अर्ज लिहून देताना मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते: मनस्ताप हा शब्द सर्वांत शेवटी लिहा. आधी टॅक्सीची पावती, बुडालेल्या आरक्षणाची पावती, परीक्षेचे किंवा मुलाखतीचे पत्र, रुग्णालयाने दिलेल्या वेळेचा कागद, आणि गाडी प्रत्यक्ष कधी आली हे दाखवणारे मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र. हे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, कारण चार दिवसांनी ती माहिती सहज दिसत नाही. १३९ क्रमांकावर किंवा रेल मदद ॲपवर प्रवासातच तक्रार नोंदवली तर तारीख-वेळेसह एक नोंद आपल्या हाती राहते. आणि पुढच्या गाडीसाठी वा विमानासाठी पुरेसा अवधी ठेवलेला असावा. दहाला पोहोचणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवून साडेदहाचे विमान काढणाऱ्याची बाजू मांडायला मलाही जड जाते.

इतके सगळे हाती असूनही बहुतेक तक्रारी घरातून बाहेरच पडत नाहीत, आणि त्याचे कारण आळस नव्हे. उशीर दरडीमुळे झाला की नियोजनातील हलगर्जीपणामुळे, हे प्रवाशाला कळतच नाही. डब्यात बसलेल्या माणसाला एवढेच दिसते की गाडी आउटरला, म्हणजे स्थानकाबाहेरच्या सिग्नलला, उभी आहे. कोणी म्हणतो क्रॉसिंग आहे, कोणी म्हणतो इंजिन बिघडले, कोणी म्हणतो पुढे जनावर आडवे गेले. भेळवाला मात्र खात्रीने सांगतो की अजून अर्धा तास. फलाटावर ‘आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे’ एवढे ऐकू येते. या खेदाला कारण नसते. दरड कोसळली असेल तर कोणी शहाणा माणूस आयोगाकडे जाणार नाही. पण कारण माहीत नसल्यामुळे जायला हवे होते तोही जात नाही आणि जायला नको होते असा एखादा जाऊन सर्वांचा वेळ घालवतो.

पुणेकराला ही गोष्ट अधिक कळावी, कारण आपल्या दारातच दोन्ही प्रकार आहेत. बोरघाटात कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिने लागतात तेव्हा ती घाट चढते, आणि उतरताना वेगावर कडक बंधन असते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाकूरवाडी, मंकी हिलच्या पट्ट्यात दगड आले आणि गाडी तासभर थांबली, तर ते निसर्गाचे काम आहे आणि ती थांबवणाऱ्याचे आभारच मानायला हवेत. पण रुळांच्या कामासाठी घेतलेला ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ वाहतूक बंद ठेवणे, आकाशातून पडत नाही. त्याची तारीख, वेळ आणि लांबी आधी ठरते. त्या ब्लॉकमुळे गाडीला दोन तास उशीर होणार हे माहीत असताना तिचे तिकीट जुन्याच वेळेने विकले, तर तो उशीर आवाक्याबाहेरचा कसा म्हणायचा? दोन्ही प्रसंगी प्रवाशाला ऐकू येते ते मात्र तेच खेदाचे वाक्य.

गंमत अशी की कारण लिहिलेले असते. प्रत्येक गाडीचे गार्ड, ज्यांचे पदनाम जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे झाले, त्या फेरीचा अहवाल भरतात. गाडी कुठे, किती मिनिटे आणि कशासाठी अडकली हे त्यात असते. स्टेशन मास्तरांच्या नोंदवहीत गाडी आल्या-गेल्याची वेळ असते. विभागाच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक गाडीवर मिनिटामिनिटाने नजर असते, आणि वाया गेलेली मिनिटे सिग्नलच्या खात्यावर टाकायची, इंजिनच्या की रुळांच्या, याचाही हिशेब होतो. म्हणजे रेल्वेच्या घरात उशिराची खातेवही चोख आहे. फक्त ज्याच्या नावावर तो उशीर पडला, त्या खातेदाराला उतारा मिळत नाही. बँकेत असे चालले असते तर माझी पहिल्याच वर्षी चौकशी लागली असती.

तो उतारा प्रवाशाला मिळावा, एवढीच माझी मागणी आहे. गाडी शेवटच्या स्थानकावर किंवा प्रवाशाच्या उतरण्याच्या स्थानकावर एक तासाहून अधिक उशिरा पोहोचली, तर त्याने पीएनआर टाकल्यावर चोवीस तासांच्या आत त्याच्या मोबाइलवर चार ओळी याव्यात: नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशिराची मिनिटे आणि मुख्य कारण. खिडकीवरच्या तिकिटाला स्टेशन मास्तरांच्या कचेरीत तोच कागद शिक्क्यासह मिळावा. जपानमध्ये गाडी काही मिनिटे जरी उशिरा आली तरी उशिराचा दाखला मिळतो आणि नोकरदार तो कचेरीत दाखवतो. आपल्याकडे काही मिनिटांसाठी दाखले द्यायचे ठरवले तर कागद पुरणार नाही हे मला कळते. म्हणून मी एक तासाची मर्यादा घातली आहे. या दाखल्याने कोणाला एक पैसाही आपोआप मिळणार नाही. पण आयोगासमोर जाताना प्रवाशाच्या हाती रेल्वेचाच कागद असेल, आणि कारण दरडीचे असेल तर तो घरीच बसेल. दोघांचाही वकील वाचेल.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो गंभीर आहे. उशिराला किंमत लावली तर ती भरून काढण्यासाठी गाड्या दामटल्या जातील का? जपानमध्येच २५ एप्रिल २००५ रोजी अमागासाकी येथे सुमारे दीड मिनिटाचा उशीर भरून काढण्याच्या धडपडीत चालकाने वळणावर वेग आवरला नाही आणि चालकासह १०७ माणसे मरण पावली. उशिरासाठी चालकांना अपमानास्पद शिक्षा देण्याची तिथल्या कंपनीची पद्धत त्यानंतर जगासमोर आली. त्यामुळे दाखल्यावर कोणा कर्मचाऱ्याचे नाव नसावे आणि भरपाईची रक्कम कोणाच्या पगाराशी जोडली जाऊ नये, हे मी मागणीचाच भाग मानतो. घाट उतरणाऱ्या लोको पायलटच्या डोक्यात माझ्या टॅक्सीचे बिल असता कामा नये. रक्कम संस्थेने द्यावी आणि तिचा परिणाम व्हायचा तो नियोजनावर व्हावा: ब्लॉक कधी घ्यायचा, जुने इंजिन कोणत्या गाडीला लावायचे, एका फलाटावर किती गाड्या कोंबायच्या यांवर.

दुसरी पळवाट वेळापत्रकाची आहे, आणि ती आजही वापरात दिसते. मुंबईहून येणारी गाडी शिवाजीनगरला थांबते. तिथून पुणे स्थानक जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. पण शेवटच्या त्या टप्प्याला वेळापत्रकात इतकी ऐसपैस मिनिटे दिलेली असतात की एखादा तरुण चालत जाऊन फलाटावर चहा घेऊ शकेल, असे आम्ही थट्टेने म्हणतो. मधे झालेला उशीर त्यात मुरतो. म्हणूनच दाखला केवळ शेवटच्या स्थानकाचा नको, प्रवासी जिथे उतरला त्या स्थानकाचा हवा. लोणावळ्याला उतरणाऱ्याला पुण्याच्या वेळेचे काय?

दाखल्याच्या पुढची पायरी म्हणजे ठरावीक रकमेची आपोआप भरपाई. ती अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आपल्याच देशात, याच रुळांवर ती दिली गेली आहे. आयआरसीटीसी या रेल्वेच्याच कंपनीने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी लखनौ–नवी दिल्ली आणि जानेवारी २०२० मध्ये अहमदाबाद–मुंबई अशा तेजस गाड्या सुरू केल्या, तेव्हा एक तासाहून अधिक उशिराला १०० रुपये आणि दोन तासांहून अधिक उशिराला २५० रुपये देण्याची योजना होती. १५ फेब्रुवारी २०२४ पासून ती बंद झाली. तोपर्यंत सव्वाचार वर्षांत दिलेली एकूण रक्कम सुमारे २६ लाख रुपये होती. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्या पंधरा मिनिटांच्या उशिरापासून भाड्याचा चौथा हिस्सा परत करतात आणि तासाभराच्या उशिराला पूर्ण एकेरी भाडे. युरोपीय संघात तासाभराला पंचवीस टक्के आणि दोन तासांना पन्नास टक्के असा नियम आहे. तिथली भाडी आणि आपली भाडी यांची तुलना होत नाही, हे मान्य. म्हणूनच मी टक्केवारी मागत नाही. तेजसचे शंभर आणि अडीचशे रुपये आरक्षित डब्यांपुरते तरी पुन्हा सुरू व्हावेत, ज्या खात्यातून तिकिटाचे पैसे गेले त्याच खात्यात ते न मागता यावेत, आणि नैसर्गिक कारण असेल तर येऊ नयेत.

भाडे मुळातच स्वस्त आहे, मग भरपाई कसली, असेही कोणी म्हणेल. प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, ही ओळ आपण तिकिटांवर छापलेली वाचली आहे. बरोबरच असेल. पण स्वस्त भाजी घेतली म्हणून मापात कमी भरलेले मंडईत कोणी चालवून घेत नाही. आणि उपकाराची ही ओळ छापायला तिकिटावर जागा होती, तर तिच्याखाली ‘गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास सुटण्यापूर्वी तिकीट परत करून पूर्ण भाडे मिळवा’ ही ओळही मावली असती. तेवढ्याने माझ्यासारख्या किती मामांची अब्रू वाचली असती.

पासधारकांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पत्र संपवता येत नाही. डेक्कन क्वीनने, सिंहगडने, प्रगतीने रोज मुंबई गाठणारे आणि लोणावळा लोकलने पिंपरी-चिंचवड, तळेगाव, देहूरोड करणारे लोक उशिराचा सर्वाधिक मार खातात, आणि वर सांगितलेल्या एकाही नियमात ते बसत नाहीत. वीस मिनिटांच्या उशिराने कोणी आयोगात जात नाही. पण महिन्यातून दहा दिवस वीस मिनिटे म्हणजे कचेरीत दहा लाल रेघा, आणि त्यातून कापलेल्या रजा. त्यांच्यासाठी भरपाईपेक्षा दाखलाच मोलाचा आहे. पासच्या क्रमांकावर महिन्याअखेर गाडीच्या उशिरांची यादी मिळाली, तर वरिष्ठांपुढे ठेवायला तरी काही हाती असेल. पासचे नूतनीकरण करताना त्यातून दोन-तीन दिवस वाढवून द्यावेत अशीही एक सूचना आमच्या कट्ट्यावर आली होती. ती मला व्यवहार्य वाटते, पण तिचा हिशेब बसवणे माझ्या आवाक्यातले नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. पावसाळ्यात आपण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा साठा रोज एका चौकोनात छापता आणि पुणेकर तो चौकोन आधी वाचून मग मथळ्यांकडे वळतो. तसाच एक चौकोन पुण्यात काल आलेल्या दहा-बारा प्रमुख गाड्यांचा असावा: नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, कारण. पहिले तीन रकाने कोणालाही मोबाइलवरून भरता येतील. चौथ्या रकान्यासाठी गेल्या आठवड्यातील गाड्यांच्या उशिराची कारणे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून तयार ठेवला आहे आणि सोमवारी तो रवाना करीत आहे. कायद्याप्रमाणे उत्तराला तीस दिवस आहेत. उत्तर आले की त्याची प्रत आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे